नव्या माणसाची खुर्ची

सोम., ६ जाने. दिवस ४७
चाचा म्हणाले, रोज चार ओळी लिहीत जा, म्हणजे फोन कमी होतील. आज फोन ११. पहिला पहाटेच, ते नमाजाहून परतायच्या आत. कारण काही नव्हतं. दारूची आठवणही नव्हती. त्यांचा आवाज ऐकला की जीव थाऱ्यावर येतो, एवढंच.
युसूफचाचा गाद्या भरतात. स्वतःची दारू सुटून एकोणीस वर्षं झाली, माझी सोडवायचं अंगावर घेतलंय. पूर्वी खिशात क्वार्टर असली की निवांत वाटायचं, तसं आता त्यांचा नंबर असला की... बायकोच्या ध्यानात आलंय. सुनंदा म्हणते, "आवं, बाटली गेली आन् चाचा आलं." हसलो, पण लागलं.

गुरु., ९ जाने. दिवस ५०
विश्रामबागच्या दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला नवा माणूस. नितीन. खंडाळ्याचा, इथं कॉलेजच्या ऑफिसात असतो. त्याचा दिवस १. नव्याला चाचांशेजारची खुर्ची आणि पहिला चहा, हा रिवाज. पण पन्नास दिवस तिथं मीच बसत होतो, कुणी ऊठ म्हटलं नव्हतं. आज चाचाच म्हणाले, "सरक रं गड्या."
सरकलो. माझे पन्नास झाले, हे सांगायचं राहूनच गेलं. टाळ्या सगळ्या नितीनला.

सोम., १३ जाने. दिवस ५४
फोन १६, उचलले ४. बाकी एंगेज. कुणाशी बोलत असतात ते काय मला कळत नाही?
नितीन रडतो मात्र झकास. मला तसं जमत नाही. चाचांनी स्वतःचा मफलर काढून त्याच्या गळ्यात घातला. थंडी मलाही वाजत होती.
सकाळी माझ्या रिवाइंडिंगच्या दुकानात पाच एचपीची मोटर भरताना तारेचे आटे मोजायला चुकलो. सगळी तार उतरवून पुन्हा एकपासून.

मंगळ., १४ जाने. संक्रांत. दिवस ५५
तिळगूळ घेऊन चाचांच्या दुकानी गेलो. नितीन आधीच कापसाच्या ढिगावर बसून त्यांच्या डब्यातली भाकरी खातोय. चाचा म्हणाले, "ये रं. तू आता लय घट्ट झालास. तुजी काळजी न्हाई मला."
दिवसभर डोक्यात तेच. काळजी नाही म्हणे! जळतोय मी. लपवू कशाला, वही माझीच आहे.

गुरु., १६ जाने. दिवस ५७
मीटिंगमध्ये उठलो आणि म्हणालो, "काल घेतली मी."
घेतली नव्हती. तोंडातून गेलंच. मग चाचांनी नितीनला हातानं सरकवलं आणि मला ओढून शेजारी बसवलं. पहिला चहा मला. त्यांचा हात माझ्या पाठीवरून फिरत होता. खरं लिहितो, पहिल्या पेगलाही इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.
नितीन कोपऱ्यातून माझ्याकडे बघत होता. त्यानं चहा घेतला नाही. तेही बरं वाटलं.

शुक्र., १७ जाने. दिवस ५८ (मीटिंगमधला २)
चाचांचे आपणहून फोन ५! सुनंदाला धीर द्यायला घरीही जाऊन आले. तिथंच घोळ झाला. जेवताना ती म्हणाली, "बारा वर्सं तुमच्या तोंडाचा वास घेऊनच आत घेतलं मी. बुधवारी वास न्हवता. खोटं का सांगितलंसा?"
"चाचांना बोललीस?"
"न्हाई. ते तुमी सांगायचं."

सोम., २० जाने. दिवस ६१ (५)
नितीन आला नाही, फोन बंद. चाचाही नाहीत, त्याला शोधायला पार खंबाटकी घाट ओलांडून खंडाळ्याला गेलेत. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी. पहिला विचार आला तो हा, की माझ्यासाठी एवढ्या लांब गेले असते का? लाज वाटली, पण नंतर.

बुध., २२ जाने. दिवस ६३ (७)
चाचा परत आले ते थेट माझ्या दुकानात. आवाज बसलेला. नितीन सापडला. गुरुवारपासूनच पितोय. "म्हनतोय, छप्पन्न दिवसांचा मानूस पडतोय, तर माजं काय ऱ्हातंय? पर तुजा दोष न्हाई गड्या. पडनं काय कुनाच्या हातात असतंय?" आणि पुन्हा पाठीवर हात.
सांगणार होतो. हात काढून घेतील म्हणून सांगितलं नाही.
येताना दारूच्या दुकानासमोर थांबलो. एक घेतली की माझं खोटं खरं होईल. मीटिंगमधले दिवस तर तसेही गेलेलेच आहेत, आता फुकटात पडेल. बराच वेळ उभा होतो. मग घरी आलो. दारात सुनंदानं वास घेतला आणि बाजूला होऊन आत घेतलं.

गुरु., २३ जाने. दिवस
सहाला मीटिंग. चाचा नितीनला घेऊन येणार आहेत. खुर्ची एकच.
वर आकडा घालायचा राहिलाय. चौसष्ट म्हटलं तर सगळंच सांगावं लागेल, आणि मग चाचा... आठ म्हटलं तर
सुनंदा चपला घालून दारात उभी आहे. आज पहिल्यांदाच येतेय मीटिंगला. विचारतेय, "कितवा दिवस सांगनार तुमी?"
आलोच, म्हटलं.