माकुलांची वही

ठाणे, गुरुवार, २२ डिसेंबर १९५५

आज पुन्हा तेच. प्रधानबाई असं म्हणाल्या, प्रधानबाई तसं म्हणाल्या. हे मत्स्य खात्यात माकुलं, ती दहा पायांची मऊ मासळी, मोजतात, आकड्यांची वही घरी आणतात आणि ती शाईनं नीट उतरून काढते मी, मॅट्रिक झालेली. पण जेवताना नाव कोणाचं? ऑफिसातल्या बी. एस्सी. झालेल्या प्रधानबाईंचं!

माकुलांत म्हणे मोठा नर मादीजवळ पहारा देतो. बारका नर त्याच्याशी भांडत नाही, गुपचूप मधे शिरतो. पहाऱ्याचं ऐकून मला हसूच आलं. घरात बसून मी ह्यांच्यावर कसला पहारा देणार?

राहवेना म्हणून बोलले, "अहो, बारके असून वयात आलेले नर सगळे वहीत कोमट पाण्याची नोंद असलेल्या पानांवर आहेत. उकाड्यात दही लवकर लागतं, तसे ते लवकर वयात येत असतील. मग वाढायला वेळ कुठला?"

ह्यांचा घास हातातच राहिला. "अगं, हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही!"

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. तोच म्हणाले, "उद्या गेल्या गेल्या प्रधानबाईंना सांगतो."

मी ह्यांचं ताट उचललं. देवापुढे बसले तर जप होईना. त्या बाईंचं वाईट नाही मागितलं, गुरुवारच्या उपासाच्या दिवशी कसं मागू? एवढंच मागितलं, की सांगताना ह्यांनी 'हे माझ्या बायकोनं पाहिलं' म्हणावं. म्हणतील का? ह्यांनाच सांगावं म्हटलं, पण जीभ रेटली नाही.