आत्याचं मनगट आणि माझी ज्युरी

४ जानेवारी, सकाळ
आजपासून शिस्त. इंडस्ट्रियल डिझाइनची शेवटची सेमिस्टर. फायनल प्रोजेक्टला आरोग्याचा विषय हवा. मागच्या दोन प्रोजेक्टांत परीक्षकांना माझी झेप कळली नव्हती. छत्रीच्या मुठीत औषधाच्या गोळ्यांची डबी बसवली होती. पाणी आत गेलं, हा छत्रीचा दोष. म्हाताऱ्यांच्या वॉकरला छोटं कपाट लावलं होतं. ताई म्हणाली, आता हा वॉकर ढकलायला आजोबांनी एक पैलवान ठेवावा. ताई बँकेत आहे. तिला डिझाइनमधलं काय कळणार?
यंदा नापास झालो तर वर्ष पुन्हा करावं लागेल. अर्थात तो प्रश्नच येत नाही.

७ जानेवारी
नशीब उघडलं. आत्याचं प्लास्टर काढलं. जिन्यात पडून तिचं उजवं मनगट मोडलं होतं, ते आता पार आखडलंय. बरणीचं झाकणसुद्धा फिरत नाही. हात नीट होईपर्यंत आमच्याकडेच राहणार. आत्या कपडे शिवते. कात्री धरायला गेली आणि धरवेना, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वाईट वाटलं. लगेच विषयही सुचला: एका हाताने बरणी उघडायचं यंत्र. तिला सांगितलं, आत्या, आजपासून तू माझी यूजर. ती म्हणाली, बरं बाबा, यूजरला आधी चहा दे.

१५ जानेवारी
स्केचेस करायची होती. सगळ्या पेन्सिलींना टोकं काढली. यंत्राचं नाव ठरवलं: ‘मुक्तहस्त’. लोगो अप्रतिम झालाय.
फिजिओबाईंनी आत्याला दाबायला रबरी चेंडू दिलाय. आत्या म्हणते, मी काय पाळण्यातली आहे चेंडू खेळायला? चेंडू सोफ्याखाली गेला. कुणी काढला नाही.

२ फेब्रुवारी
गाइड मॅडमनी विचारलं, लोगो पाहिला, वस्तू कुठाय? आधी यंत्राच्या मुठीचे नमुने करा म्हणाल्या, फोमचे, हातात धरून पाहता येतील असे. फोम कापला. सँडपेपरने घासायला बसलो. धूळ नाकात गेली. मुळात माझं काम विचार करण्याचं. आत्या म्हणाली, आण इकडे, नुसतं बसून अंग आंबलंय माझं. दिले. यूजरला प्रक्रियेत सामील करून घ्यावं, असं आमच्या सिलॅबसमध्येच आहे.

१० फेब्रुवारी
आत्या दिवसभर घासते. गुणगुणत. पहिल्यांदा डाव्या हातानं धरून कशीबशी घासायची, आता उजव्या मुठीत सँडपेपर पक्का धरते. एक मूठ तर बदामासारखी गुळगुळीत झालीय. म्हणालो, आत्या, हातात अशी चपखल बसते ना, याला एर्गोनॉमिक म्हणतात. ती म्हणाली, असेल, माझ्या वडिलांच्या काठीची मूठ अशी होती. काचेच्या तुकड्यानं घासायचे ते, खिडकीत बसून. मग बराच वेळ ती मूठ गालाला लावून बसली. हे यूजर रिसर्चमध्ये कुठे घालावं कळेना. सोडून दिलं.

२४ फेब्रुवारी
चिंतेची बाब. आत्यानं सकाळी वेणी स्वतःच घातली. ताई म्हणाली, तुझा पेशंट बरा होतोय रे, अभिनंदन करू की सांत्वन? दुर्लक्ष केलं. यंत्राच्या नुसत्या चाहुलीनं रुग्णाला उभारी आली, असं मॅडमना कळवलं.
हल्ली घरातल्या बरण्या उघड्या सापडतात. बाबा फार वेंधळे झालेत.

८ मार्च
यंत्र तयार. म्हणजे जवळजवळ. झाकणाला पकड झकास बसते, सुटायचं तेवढं बाकी आहे. आत्याला दाखवलेलं नाही. ज्युरीत, म्हणजे शेवटच्या परीक्षेत, परीक्षकांसमोर पहिल्यांदा वापरेल, तेव्हा चेहऱ्यावरचा आनंद अस्सल असेल. ताईनं विचारलं, तिला एकदा तरी बरणी उघडायला लावलीस का? म्हणालो, आजारी माणसाला असा सारखा त्रास देणं नैतिक नाही.

१७ मार्च, संध्याकाळ
ज्युरी झाली.
आत्या ठेवणीतले कपडे घालून आली होती. मी लोगोवर सविस्तर बोललो. परीक्षक घड्याळाकडे पाहायला लागले, तेव्हा आत्यासमोर बिस्किटांची बरणी ठेवली आणि यंत्र घ्यायला वळलो. मागे टक् झालं. बरणी उघडी, आणि आत्या परीक्षकांना म्हणतेय, घ्या ना, किती वेळचे ताटकळलात, हा लहानपणापासून असाच बोलतो.
मी कानात म्हणालो, आत्या, बंद कर, तुला उघडता येत नाही. ती म्हणाली, अगं बाई, विसरलेच की. बंद केली. इतकी घट्ट की यंत्राला उघडेना. यंत्र झाकणाला चिकटून बसलं ते बसलंच. शेवटी आत्यानंच ते हातानं पिळून काढलं.
मॅडमनी तिला विचारलं, कोणता व्यायाम करता? आत्या म्हणाली, व्यायाम कसला, याचे ठोकळे घासते रोज, पोराला धूळ सोसत नाही हो. मॅडमनी टेबलावरची बदामी मूठ उचलून हातात फिरवली. मला विचारलं, हे सगळं घडताना तुम्ही काय करत होतात? खरं ते सांगितलं. लोगो.
नापास.

२५ मार्च
आत्या घरी गेली. बॅग घ्यायला गेलो, तर हातावर फटका मारला. फटका चांगलाच लागला. तिची कात्री पुन्हा सुरू झाली.
वर्ष पुन्हा. म्हणजे नवा विषय, नवा यूजर. आत्याच्या रिकाम्या खुर्चीखालून फोमची धूळ मीच झाडली.

२ एप्रिल
आत्याला फोन केला. विचारलं, घरात काही अडचण येते का? नीट आठवून सांग, छोटी असली तरी चालेल. म्हणाली, काही नाही रे. मग म्हणाली, संध्याकाळी मशीन बंद केलं की घर फार गप्प होतं. त्यावर यंत्रबिंत्र काढत बसू नकोस. तू ये.
उद्याच जातो. पिशवीत स्केचबुक टाकलं. काढलं. शेवटी पेन तेवढं राहू दिलं.