मनालीला आणायला पुण्यास गेलो त्याबद्दल

पुणे स्टेशन, तिकीटघराजवळचं बाक
बुधवार, २२ नोव्हेंबर १९९५

रा. रा. कमळाकरराव यांस,

महिपतीचा सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. (विशेष खरोखरच आहे, पण ते लिहायचा धीर अजून झालेला नाही. कृपा करून शेवटपर्यंत वाचावे.)

आपला खोकला कसा आहे? गणपती जाऊन अडीच महिने झाले तरी मूर्तींच्या कारखान्यातली माती तुमच्या छातीतून निघत नाही, असं वहिनी दिवाळीत सांगत होत्या. रात्री गरम पाणी घेत जावं. माझी प्रकृती विचाराल तर डावा पाय सुजला आहे, घसा बसला आहे, पाठ कुठली आणि बाक कुठलं ते आता वेगळं कळत नाही. बाकी खुशाल आहे. खांबला घरी सर्व क्षेम असावं असा अंदाज आहे. भात झोडून झालं, वाल पेरून झाले, आणि तुमची बहीण रंभा ओटीवर उभी राहून रस्त्याकडे बघत असणार, एवढं मी इथूनही सांगू शकतो.

मी पुण्यात का आलो ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहितो. सव्वीस वर्षं गावच्या पोस्टात बसून लोकांची पत्रं लिहून दिल्यामुळे सुरुवातीपासून सांगायची सवय हाडात मुरली आहे. जूनमध्ये मनाली बी.एस्सी. झाली तेव्हा तुम्हीच म्हणालात, "पोर हुशार हाय, पुण्याला धाडा." धाडली. भूगर्भशास्त्र शिकते, म्हणजे दगड बघते. (दगड बघायला पुण्याला जायची काय गरज, आपल्या शेतात काय कमी आहेत, असं मी तेव्हाच विचारलं होतं.) आता तुळशीचं लग्न झाल्यावर गडबचं स्थळ आलं. मुलगा निकेश, कंपनीत शिफ्टला जातो, हायवेला वडिलांचं दुकान आहे, मुलाला कसलं व्यसन नाही. येत्या रविवारी ते मुलगी पाहायला येणार, पसंत पडली तर मार्गशीर्षातच लग्न, दोन वर्षं थांबायची त्यांची तयारी नाही. तेव्हा शिक्षण झालं तेवढं पुरे, असा निकाल रंभाने दिला आणि सोमवारी सकाळी मला घराबाहेर काढताना सांगितलं, "पोरीला घेऊनच या. नाय तर तुमी पण येव नका." सव्वीस वर्षांत मी एवढा स्पष्ट मजकूर दुसऱ्या कोणाच्या पत्रात लिहिलेला नाही.

आता कोणीही शहाणा माणूस रोह्याहून खोपोलीमार्गे एस.टी.ने जातो आणि दुपारच्या जेवणाला पुण्यात असतो. पण येताना दोन माणसं आणि एक ट्रंक असा हिशोब, म्हणून स्वस्तात व्हावं असं ठरलं. आमच्या पोस्टात टपाल वाटणारा पोपट, ज्याने आयुष्यात नागोठण्यापलीकडे पाय ठेवलेला नाही, त्याने रोहा-दिवा पॅसेंजर, मग कल्याण, मग पुणे पॅसेंजर असा मार्ग काढून दिला. म्हणजे पुणं एका दिशेला आणि आम्ही निघालो नेमके उलट दिशेला. तुमच्या पेणला गाडी समोरच्या गाडीसाठी थांबली तेव्हा उतरून तुम्हाला हाक मारावी असं फार वाटलं. पण आता सुटेल, आता सुटेल, करत मी पाऊण तास दारात एक पाय बाहेर काढून उभा राहिलो. पाय सुजला तो तिथे.

पण खरा घात वालांनी केला. वसतिगृहाच्या रेक्टरबाईंनी मधेच मुलीला सोडायला खळखळ करू नये, म्हणून त्यांना काहीतरी न्यावं असं रंभाच्या मनात आलं. पेढे सगळेच नेतात, म्हणून तिने बिरड्यासाठी दोन शेर कडवे वाल भिजवले, निथळले आणि फडक्यात गच्च बांधून पोटली माझ्या पिशवीत ठेवली. प्रवासात उबेने मोड येतील, बाईंच्या हातात पडताना बोटाच्या पेराएवढे झालेले असतील, त्यांनी फक्त सोलायचे, असा तिचा बेत होता. आपल्याकडे माहेरवाशिणीबरोबर अशी पोटली देतात, पण ती खांबहून शेजारच्या कोलाडला जाते. दुपारी पाणी शिंपडायची सक्त ताकीद होती. म्हणून दिव्याला उतरून मी नळावर गेलो. नळावर रांग. माझा नंबर आला, पोटली सोडली, शिंपडली, वाल वर-खाली केले, पुन्हा बांधली, आणि मागे वळलो तर कल्याणची गाडी निघून गेलेली. पुढे कल्याणला पुणे पॅसेंजर गेलेली. दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी मिळाली. मी रात्रभर जागा होतो आणि वाल रात्रभर वाढत होते.

मंगळवारी पुण्यात उतरलो आणि विद्यापीठापर्यंत चालत गेलो, कारण रिक्षावाल्याने आकडा सांगितला तो ऐकूनच मला चालायला बळ आलं. दोन-अडीच तास लागले. या शहरात विद्वान फार. ज्याला रस्ता विचारावा तो आधी माझा प्रश्न दुरुस्त करतो. एका गृहस्थांना विचारलं, विद्यापीठ कुठे आहे. ते म्हणाले, कुठला विभाग हवा ते आधी ठरवा. (ते मी जूनमध्ये ठरवायला हवं होतं.) आत झाडं एवढी मोठी आहेत की त्यांच्याखाली माणसाला आपण उगाच आलो असं वाटतं. जुनी दगडी इमारत, तिच्यावर मनोरा, आणि कडेकडेने पुस्तकं छातीशी धरून जाणारी मुलं. त्यातलं कोणीही दुःखी दिसत नव्हतं, त्यामुळे मला अधिकच उदास वाटलं.

रेक्टरबाई सभ्य आहेत. मी पोटली टेबलावर ठेवली. एव्हाना मोड पेर ओलांडून बोटभर झाले होते, फडक्यातून बाहेर आले होते, आणि वास सांगण्यासारखा नव्हता. बाई खुर्चीसकट मागे सरकल्या. त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "हे जिवंत आहे का?" मी म्हटलं, वाल आहेत. त्या म्हणाल्या, असेल, पण कृपया बाहेर न्या. सव्वीस वर्षं सरकारी शिक्का हातात धरलेला माणूस मी, दोन शेर वाल उराशी धरून व्हरांड्यात उभा राहिलो. तेवढ्यात मनाली आली. वाळली आहे. तिने पोटली बघितली, वास घेतला आणि खाली फतकल मारून बसली. "बाबा, आयचे वाल," एवढंच म्हणाली. मग एक साताऱ्याची, एक नाशिकची, आणखी दोघी कुठल्या कोण जाणे, अशा चार मुली तिच्याभोवती बसल्या, आणि आपली मनाली त्यांना वाल चिमटीत धरून सालातून कसा सोडवायचा ते शिकवत होती. त्या हसत होत्या. घरी ती एवढी बोलत नाही. मी रंभाचा निरोप सांगायला तोंड उघडलं, तर साताऱ्याच्या मुलीने माझ्याही पुढ्यात ओंजळभर टाकले आणि म्हणाली, काका, तुम्हीही घ्या. घेतले.

निरोप मी संध्याकाळी सांगितला. पण त्याआधी दुपारी ती मला त्यांचा विभाग दाखवायला घेऊन गेली, आणि तिथेच माझं चुकलं. काचेच्या कपाटात दगड, प्रत्येक दगडाखाली चिठ्ठी. खालच्या फळीवर एक काळा दगड, आपल्या कुंडलिकेच्या पात्रात पडलेले असतात तसला, ज्यावर रंभा घोंगडी आपटते. चिठ्ठीवर शाईने लिहिलं होतं: खांब, ता. रोहा, जि. रायगड. खाली: संकलन, मनाली महिपती. कमळाकरराव, मी आयुष्यभर लोकांचे पत्ते वाचले. मुंबईचे, दुबईचे, लष्कराचे. आपल्या गावाचं नाव दुसरीकडे कोणी काचेत जपून ठेवलेलं मी पाहिलं नव्हतं. (पिनकोड घातलेला नव्हता, तेवढं मी तिला सांगितलं.) मी बराच वेळ तिथे उभा राहिलो. ती म्हणाली, बाबा, काय झालं? मी म्हटलं, पाय दुखतो.

एकंदरीत पुणं राहण्याजोगं नाही. पाणी जड आहे, चहा पातळ आहे, डाळीत गूळ घालतात, थंडी पडते, माणसं वाद घालतात. मुलीच्या जातीने इथे राहावं असं मला तरी एक कारण दिसलं नाही. सौ. वहिनींस नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि थोरांच्या पाया पडायचं ते माझ्या वतीने तुम्ही पडावं, मला वाकवत नाही.

आपला,
महिपती

ता. क. मनाली माझ्याबरोबर नाही. तिला वसतिगृहातच ठेवलं आहे. हे रंभाला कळवायचं कसं? घरी पत्र टाकलं तर ते माझ्याच पोस्टात येणार, आणि पोपट ते उजेडात धरून वाचणार. तार केली तर उघडायच्या आधीच गावात रडारड सुरू होईल. म्हणून हे पाकीट तुम्हाला. आज स्टेशनवरच्या टपालगाडीत टाकलं की शुक्रवारी पेणला तुमच्या हातात पडतं, यात चूक होणार नाही. शनिवारी आपण खांबला जावं, रंभाला सांगावं, आणि रविवारी गडबच्या मंडळींसमोर ओटीवर आपणच बसावं. पोहे बरे होतील. मी रविवारी शेवटच्या गाडीने येतो. तोवर इथे धर्मशाळेत आहे. मनालीला मी गेलो असंच माहीत आहे.

ता. क. दुसरा. तुम्हीच मला पत्र पाठवून पोरीला आणू नका असं बजावलंत, असं रंभाला सांगितलंत तर उपकार होतील. भाऊबीजेला अजून अकरा महिने आहेत, तोवर तुमच्यावरचा राग उतरेल. मला रोज जेवायचं आहे.

ता. क. तिसरा, हा वाचून फाडून टाकावा. पोरगी ऐकत नव्हती असं मात्र रंभाला सांगू नका. आयने बोलावलं आहे म्हटल्यावर तिने एक अक्षर विचारलं नाही. आज सकाळी ट्रंक भरून, केस विंचरून, माझ्या आधी फाटकाशी येऊन उभी होती. पुस्तकं तिने साताऱ्याच्या मुलीला देऊन टाकली होती. ती परत मागून आणायला मीच लावलं, आणि ट्रंक शिपाईणीच्या हाती वर पाठवली. लहानपणापासून तिने एकदाही हट्ट केला नाही, कमळाकरराव. म्हणून या वेळी तिच्या वाटचा मी केला.