गणकयंत्र गुरुवारपर्यंत दुरुस्त न करणेबाबत

दि. २४ फेब्रुवारी १९७८

प्रति,
मा. व्यवस्थापक,
यंत्रगणन केंद्र, ऊसनोंद विभाग,
सांगली.

अर्जदार : हवालदार (निवृत्त) आकाराम धोंडिराम खराडे, मु. पो. बोरओढा, ता. तासगाव.

विषय : वीज गेल्यामुळे बिघडलेले गणकयंत्र येत्या गुरुवारपर्यंत दुरुस्त न करणेबाबत.

संदर्भ : तेच गणकयंत्र ताबडतोब दुरुस्त करणेबाबत याच अर्जदाराने यापूर्वी केलेले तीन अर्ज. (ते तिन्ही रद्द समजावेत.)

महोदयांस रामराम.

१. सदर अर्जदार पलटणीतून निवृत्त होऊन गावी शेती करतो. त्याचा दोन एकर ऊस कारखान्याकडे रीतसर नोंदलेला आहे. कोणाचा ऊस कधी तोडायचा ही यादी पूर्वी कारखान्याचे कारकून हाताने करीत व तीत वशिला चाले. वशिला बंद व्हावा म्हणून ते काम आपल्या गणकयंत्राकडे आले, याचे अर्जदाराने त्या वेळी पेढे वाटून स्वागत केले होते. पेढे वाटल्याचा त्यास आजही पश्चात्ताप नाही, थोडा विचार मात्र पडला आहे.

२. अर्जदाराची पाळी डिसेंबरात होती. पाळीच्या आदल्या आठवड्यात आपल्याकडील वीज अचानक गेली. चौकशीस अर्जदार सांगलीस आला असता आपण त्यास स्टुलावर बसवून, चहा पाजून सर्व प्रकार समजावून दिलात, त्याबद्दल तो आभारी आहे. त्यास समजले ते असे : यंत्र सर्व नोंदी फितीच्या चाकावर ठेवते. कालचे चाक वाचून, त्यात आजची भोक पाडलेली कार्डे मिळवून, आजचे नवे चाक तयार होते. जुनी दोन चाके जपून ठेवतात. आपले कर्मचारी या तीन चाकांना आजा, बाप आणि लेक म्हणतात. वीज गेली तेव्हा लेक अर्धाच झाला होता, आणि बापाची फीत झटक्याने ताणून तुटली. अशा वेळी आजाला पुढे करायचे, अशी रीत आहे. रीत उत्तमच आहे.

३. तथापि खंडेनवमीला केंद्रात हत्यारांची पूजा झाली होती. घरात वडीलधारे माणूस असताना मान पोराला कसा द्यावा, अशा विचाराने कर्मचाऱ्यांनी हळदकुंकू, फूल व नारळाचे पाणी आजाला वाहिले, आणि पूजलेल्या आजाला पुन्हा कामाला जुंपणे बरे दिसेना म्हणून त्यास कपाटात विश्रांती दिली. त्यामुळे आजाला गळीत हंगाम सुरू झाल्याचेच ठाऊक नव्हते. त्याच्या लेखी सगळ्यांचाच ऊस उभा. आणि जेथे कुंकू बसले होते तेथे यंत्रास वाचता आले नाही. जे वाचता येत नाही ते काम पूर्ण झाले असे धरावे, अशी यंत्रास आज्ञा असल्याचे आपण सांगितलेत. अर्जदाराने पंधरा वर्षे सरकारी नोकरी केली असल्याने त्यास यात नवल वाटले नाही. अर्जदाराचे नाव नेमके कुंकवाखाली होते.

४. कार्डे पहिल्यापासून पुन्हा भरावीत, तर ती मागच्या व्हरांड्यात वाऱ्याने उडून त्यांचा क्रम गेला होता. ती लावण्याचे काम तेव्हापासून चालू आहे. दरम्यान आजाच्या भरवशावर यादी निघाली. तीत अर्जदाराचा ऊस तोडला गेला आहे, आणि शेजारच्या चंद्राबाईंचा ऊस, जो नोव्हेंबरातच गाळून झाला, तो उभा आहे. प्रत्यक्षात चंद्राबाईंच्या रानात गहू आहे. तेथे मुकादम बिराप्पा आपली टोळी व बैलगाड्या घेऊन ऊस तोडण्यास हजर झाला. चंद्राबाई बांधावर उभ्या राहून म्हणाल्या, "गव्हाला कोयता लावशीला तर बघा. माझ्या उसाची साखर झाली, लोकांनी च्यात घालून पिऊनबी टाकली." टोळी तेव्हापासून त्यांच्या बांधाला तळ ठोकून आहे. अर्जदाराने बिराप्पास शेजारचा आपला उभा ऊस दाखविला असता तो म्हणाला, "आवं हवालदार, दिसतोय की मला. पर चिठ्ठी चंद्राबाईची हाय. तुमचा तोडला तर त्यो चोरीचा ठरतोय."

५. अर्जदाराच्या उसाला तुरे येऊन आता ते झडले. ऊस आतून पोकळ पडत चालला आहे, रोज वजन घटते आहे, आणि मार्चअखेर कारखान्याचा पट्टा पडणार, म्हणजे गाळप बंद. त्यानंतर तो ऊस जनावरांपुढे टाकावा लागेल. अर्जदाराची पत्नी राहीबाई रोज सकाळी भाकरी वाढताना एकच प्रश्न विचारते, "वीज त्येंच्या घरची गेली, मग अंधार आपल्याच रानात कसा?" हा प्रश्न योग्य जागी पोचावा, म्हणून तीन अर्ज केले. तिन्हींना उत्तर आले की, नोंदीप्रमाणे आपणांस ऊसच नसल्याने उसाविषयी तक्रार करता येत नाही.

६. येथवर झाले ते अर्जदार विसरण्यास तयार आहे. नवीन प्रकार पुढीलप्रमाणे.

७. ज्याचा ऊस तुटला त्याच्या रानात उरलेल्या बुडख्यांतून नवा ऊस, म्हणजे खोडवा, फुटतो, आणि त्या खोडव्याची पाहणी करण्याचा यंत्राचा हुकूम निघतो. त्यानुसार गटाचे शेतकी मदतनीस बाळासो टेप घेऊन आले. त्यांनी उसाकडे पाहिले, अर्जदाराकडे पाहिले, आणि उंची मोजली. "बाळासो, ह्यो खोडवा न्हाई, ह्यो माझा मूळचा ऊस हाय," असे अर्जदाराने स्पष्ट सांगितले. बाळासो म्हणाले, "मला काय आंधळा समजलासा? पर कार्डावर खोडव्याच्या उंचीचा रकाना हाय. 'हवालदार खरं बोलतोय' असा रकाना न्हाई." त्यांनी उंची अकरा फूट लिहिली. सव्वादोन महिन्यांचा खोडवा, उंची अकरा फूट. यंत्राने सबंध कार्यक्षेत्रातून अर्जदारास उत्कृष्ट खोडव्याचे पहिले बक्षीस जाहीर केले आहे.

८. अर्जदाराने बक्षीस नाकारणारे पत्र कारखान्यास पाठविले. उत्तर आले की, अशी विनयशीलता हल्ली दुर्मीळ असून समारंभ आता अर्जदाराच्या शेतातच घेण्याचे ठरले आहे. पार वाळव्यापासून शेतकरी येऊन खत कोणते घातले म्हणून विचारतात. अर्जदार खरे ते सांगतो, म्हणजे काहीच घातले नाही. ते परत जाताना म्हणतात, "लय आतल्या गाठीचा माणूस."

९. समारंभ येत्या गुरुवारी, दि. २ मार्च रोजी आहे. मा. चेअरमनसाहेब फीत बांधलेल्या कोयत्याने बक्षीसपात्र उसाचे एक कांडे स्वहस्ते तोडणार आहेत. आमच्या भागातील टोळ्यांचा दंडक आपणांस ठाऊक असेलच : एकदा कोयता लागलेला फड अर्धा सोडत नाहीत. अपशकुन मानतात. बिराप्पास विचारले असता तो म्हणाला, "पयला घाव चेरमनसायबाचा पडला म्हंजी मला चिठ्ठी लागत न्हाई. फोटो निघूस्तवर दोन गाड्या भरतो." चेअरमनसाहेबांना संशय येईल काय, अशी शंका अर्जदाराने बाळासोंकडे काढली. ते म्हणाले, "सायेब उसाकडं बघत्यात व्हय? फोटोवाल्याकडं बघत्यात."

१०. परंतु काल असे कानावर आले की आपली सर्व कार्डे क्रमाने लागली असून येत्या सोमवारी यंत्र पूर्ववत होणार. तसे झाल्यास ते खरे बोलू लागेल. अर्जदाराचा ऊस उभा असल्याचे उघड होईल, सबब खोडवा नाही, सबब बक्षीस नाही, सबब चेअरमनसाहेब नाहीत. आणि चुकलेली पाळी यादीच्या शेवटी टाकण्याचा नियम असल्याने पाळी येईल ती कारखाना बंद झाल्यावर. म्हणजे यंत्र बिघडलेले असताना अर्जदाराचा ऊस जाण्याची थोडी आशा आहे. दुरुस्त झाल्यास ती राहणार नाही.

११. तरी महोदयांनी कृपावंत होऊन सोमवारचे काम गुरुवारी दिवस मावळेपर्यंत तहकूब ठेवावे. कर्मचारी फारच उत्साही असल्यास त्यांस चार दिवस पाचगणीस हवापालटासाठी पाठवावे. तेही न जमल्यास पुन्हा एकदा वीज जाण्याची काही तजवीज होते का, ते आपल्या पातळीवर पाहावे.

१२. शेवटची गाडी कारखान्याच्या वजनकाट्यावर चढली की बाळासो आपणांस फोन करतील. त्यानंतर यंत्र खुशाल सुरू करावे. ते मग काय वाटेल ते सांगो. अर्जदाराने या जन्मात कधी ऊस लावलाच नव्हता असे म्हणाले, तरी अर्जदार त्याखाली सही करून देईल.

आपला, तूर्तास बक्षीसपात्र,
आ. धों. खराडे
हवालदार (निवृत्त)

सोबत :
१) समारंभाची निमंत्रणपत्रिका. (आपणही यावे. येताना यंत्राचे कोणी सोबत आणू नये.)
२) सदर खोडव्याचे एक कांडे. चावून पाहावे, म्हणजे घाई कशाची आहे ते कळेल.