अक्काची दगडी ज्वारी

परतूर,
ता. १८ नोव्हेंबर १९७३

प्रिय गिरिजाअक्कास,

संपतचा जयभीम. दाजींनाही सांग. इकडं सगळे बरे आहोत. पुष्पाचा खोकला गेला. गाय व्याली, गोऱ्हा झाला. बेबीनंदा शिवणकाम शिकून राह्यली. माझ्या सदऱ्याची एक बाही तिनं उलटी लावली, तरी मी तोच घालून हिंडतो.

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. रोज खिशात घालून शेतात नेतो अन् तसंच परत आणतो.

सत्यशीले, पोरी, आईला तूच वाचून दाखवत असशील. मामाची लाज वाटली तरी मधी थांबू नको. एकही ओळ गाळू नको.

अक्का, तू लिहिलंस की यंदा तुझी दगडी बिघडली. काही ताटं कमरेएवढी, काही डोक्याच्या वर. बुटकी आधी निसवून कणसावर आली, पावसात सापडली अन् कणसं काळी पडली. भाकर थापली तर कडा फाटतात. कडबा संक्रांतीपर्यंतही पुरायचा न्हाई. तुझ्याकडून बियाणं नेलेल्या पाची घरांची तीच गत. केदारखेड्यात बाया म्हणतात, गिरिजाबाईच्या हाताचा गुण गेला. यंदा बियाण्याची कणसं निवडायला तुला कुणीच बोलावलं न्हाई. अन् शेवटी विचारलंस, "संप्या, माझं निवडण्यात काय चुकलं रे?"

तुझं काही चुकलं न्हाई. ती दगडी नव्हतीच.

दुष्काळात तुम्ही खडी फोडायला निघालात, तवा दोन पायल्या बियाणं माझ्या हाती देऊन गेल्तीस. राख अन् लिंबाचा पाला घालून बांधलेलं. म्हणालीस, "माझ्यापाशी राहिलं तर लेकरं रडतील अन् मी दळून टाकीन. तुझ्यापाशी ठेव." स्वतःच्या लेकरांपासून तू ते वाचवलंस, अक्का.

आम्ही भुकेनं खाल्लं असतं तर मी तुला तवाच सांगितलं असतं. तू शिव्या दिल्या असत्या अन् विसरली असतीस. भूक नव्हती. राशनची लाल मिलो ज्वारी मिळत होती, पोट भरत होतं. पण माघात शहागडचे पाव्हणे बेबीनंदाला बघायला आले. सगळ्या मुलखात लाल भाकर, अन् मला वाटलं, आपल्या दारात पांढरी दिसली पाहिजे. पुष्पा म्हणाली, "ते वन्संचं आहे, हात लावू नका." मी म्हणलं, "शेरभरानं काय होतंय." राख पाखडली, दळलं. पाव्हणा भाकर मोडून म्हणाला, "वा! दुष्काळातसुद्धा दगडी? घर भरल्यालं दिसतंय." मी नुसता हसलो. मंग सुपारी फोडायला अठरा जण आले अन् उरलेलंही गेलं. सोयरीक जमली ती तुझ्या बियाण्यावर.

पुढं गावातल्या बद्रीनाथकडून त्याच्या विहिरीवरच्या हायब्रीड ज्वारीचे दाणे आणले. तुझ्याच फडक्यात घातले, राख घातली, पाला घातला. मनाला म्हणलं, हायब्रीडला पीक जास्त, अक्काचा फायदाच होईल. तू न्यायला आलीस, मूठभर हातावर घेऊन म्हणालीस, "दाणा येगळाच लागतो रे." मी म्हणलं, "ठेवून ठेवून वाळलाय." तू भावावर विश्वास ठेवलास.

आता जे लिहितो ते कालपर्यंत पुष्पालासुद्धा माहीत नव्हतं. तू बियाणं नेल्यावर चारच दिवसांनी ग्रामसेवक पारावर सांगत होते, हायब्रीडचा घरचा दाणा परत पेरू नका, दुसऱ्या साली त्याची जात फुटते, एकासारखं एक ताट निघत न्हाई, बियाणं दर साली नवंच घ्यावं लागतं. मी तिथंच बसलेलो होतो. तुमच्याकडं पेरणीला अजून आठवडा होता. एक कार्ड टाकलं असतं तर तुझी अन् त्या पाच घरांची पेरणी थांबली असती. कार्ड आणलं, तुझा पत्ताही लिहिला. पण आता काय सांगायचं, या लाजेनं पोस्टात टाकलं न्हाई. तू तिकडं पेरत होतीस अन् मी इकडं गप बसलो.

हे पत्र पाची घरी सत्यशीलेला वाचून दाखवायला लाव. त्यातल्या केशरबाई शहागडच्या पाव्हण्यांच्या नात्यातल्या आहेत, मला माहीत आहे. गोष्ट तिकडं जाईल. बेबीनंदाचं लग्न वैशाखात आहे. तिला काल सगळं सांगितलं. पोरगी पुष्कळ रडली, मंग म्हणाली, "आत्याचं नाव घालवून मला नांदायचं न्हाई." पुष्पा मात्र बोलत न्हाई माझ्याशी.

आमच्या शेजारी तातेरावाच्या शिवारात खरी दगडी उभी आहे, पंधरा दिवसांत काढणी. त्यानं कणसं द्यायचं कबूल केलं. मी निवडणार न्हाई, तूच ये. माझ्या घरी उतरू वाटलं न्हाई तर तातेरावाची म्हातारी तुला ठेवून घेईल. मी तोंड दाखवू नको म्हणालीस तर बांधाच्या पलीकडं थांबीन.

माफ कर असं लिहिलं होतं, खोडून टाकलं. आधी गावात तुझं नाव नीट होऊ दे.

तुझं बियाणं पाव्हण्यांना वाढलेला,
संपत