सेनापती दारं धरतात

२ एप्रिल
सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त करायला इंदापूरला गेलो. साहेब जेवायला गेलेले. बाकावर शेजारी इंद्रजित गुरुजी, हायस्कूलला भूगोल शिकवतात. मोबाईलच्या गेममध्ये किल्ला बांधत बसले होते. वयाला शोभत नाही, असं मनात म्हणालो. मग म्हटलं, बघू तरी. डाउनलोड केला. साहेब कधी आले आणि कधी परत गेले, कळलं नाही. नाव चुकीचंच राहिलं. धान्याचं कोठार मात्र लेव्हल तीनला गेलं.

३ एप्रिल, सकाळ
हा गेम नव्हे, मॅनेजमेंट आहे. लोखंड, धान्य, पाणी, सैन्य, सगळं एकट्यानं सांभाळायचं. पोराटोरांचं काम नाही. तरीही नियम हवा. फक्त जेवणानंतर खेळायचं.

दुपार
जेवण लवकर केलं.

संध्याकाळ
परत थोडं जेवलो.

६ एप्रिल
गुरुजींनी मला गेममधल्या त्यांच्या अलायन्समध्ये, म्हणजे टोळीत, घेतलं. आज त्यांनी मला सेनापती केलं. राजेश्वरीला सांगितलं. बायको असून तिनं अभिनंदन केलं नाही, पगार हाय का एवढंच विचारलं.

९ एप्रिल
राजेश्वरी उद्या सुप्याला माहेरी जाणार. भावाचं लग्न. मंगळवारी परत.
पेरूची बाग तिची. कलमं तिनं निवडली, खड्डे तिनं घेतले, यंदा पहिलंच फळ धरलंय. मला तिथं सल्लासुद्धा देऊ देत नाही. मी घरात थोरला, शिकलेला, आणि बागेत मला कुणी विचारत नाही, हे मनाला लागतं. आज मात्र स्वतःहून म्हणाली, शनिवारी पाटाच्या पाण्याची पाळी हाय, एवढी नीट काढा, मग बागेचं तुमीच बघा. शेवटी गुणांची कदर झाली.
वर बजावलं, दाऱ्यावर दुसऱ्या कुणाला उभं करू नका, बाजीरावतात्यांना तर न्हाईच. तात्या आमचे बांधाशेजारी. माणूस गोड. राजेश्वरीचा स्वभाव संशयी.

१० एप्रिल
संकल्प. शनिवारी मोबाईल घरी ठेवणार. लिहून ठेवलं म्हणजे पक्कं.

११ एप्रिल
मोबाईल नेणार. वेळ बघायला. मनगटी घड्याळ आहे, पण त्याच्यावर भरवसा नाही.
गुरुजींचा मेसेज आला, उद्या ब्राझीलवाली टोळी किल्ल्यावर हल्ला करणार. कळवलं की उद्या आमचं पाणी आहे. गुरुजींनी लिहिलं, सेनापती, इतिहास हे लक्षात ठेवील. भूगोलाचा माणूस इतिहासाचं बोलतो म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

१२ एप्रिल, सकाळी
खोरं घेऊन बागेत हजर. पाणी आलं. दारं धरायची म्हणजे एक सरी भरली की तिचं तोंड मातीनं बुजवायचं आणि पुढचीचं फोडायचं. पाण्यावरची नजर काढायची नाही. पहिली सरी उत्कृष्ट भरली. दुसरीही बरी.

साडेदहा
ब्राझीलवाले वेळेचे पक्के. एका हातानं खोरं, एका हातानं सैन्य. तेवढ्यात तात्या बांधावर आले. म्हणाले, गोकुळराव, तुमी निवांत लढा, खोरं द्या हिकडं, मी बघतो हितलं. खोरं दिलं. कारण शेजारधर्म. राजेश्वरी म्हणाली होती कुणाला उभं करू नका. तात्या बहुतेक वेळ बसूनच होते.

दुपार
विजय. किल्ला शाबूत. पाळीही संपली. तात्यांनी खोरं धुऊन परत दिलं, असं मित्रराज्य नशिबानं मिळतं. बागेची खालची बाजू जरा कोरडी दिसते, पाणी मुरलं असणार. तात्यांच्या मक्यात मात्र घोटाभर पाणी आहे. त्यांचीही आजच पाळी असावी.

१४ एप्रिल
खालच्या झाडांची पानं वळलीत. ऊन फार. बारकी फळंही थोडी गळलीत. नैसर्गिक विरळणी. उरलेली मोठी होतील.

१५ एप्रिल
राजेश्वरी आली. पिशवी हातात तशीच, आधी बागेत गेली. परत येऊन एकच विचारलं, खोरं कुणाच्या हातात हुतं. मी मित्रराज्याची संकल्पना समजावून सांगितली. तिनं पिशवी उघडली.
मग लग्नातली बुंदी घेऊन तात्यांच्या घरी गेली. भांडणाच्या तयारीनं मीही मागं गेलो. तर ही भामाकाकूंच्या शेजारी बसलेली. काकू म्हणजे तात्यांचं घरातलं सरकार. गल्लीतल्या बायका जमलेल्या. त्यांच्यासमोर राजेश्वरी सांगत होती, आमच्यात कुणी न्हवतं तर तात्यांनी सोता खोरं धरलं, लई उपकार झालं, आता ऱ्हायलेली बाग बी त्येच भिजवून देणार हायती. काकू फुलून गेल्या. म्हणाल्या, व्हय की, बेस्तरवारी आमची पाळी हाय, ती तुमच्या पेरूला. तात्या दारात उभे होते. त्यांनी मान डोलावली.
एकही सैनिक न गमावता कोठार घेतलं. हे मी तिला कधी शिकवलं, आठवत नाही.

१७ एप्रिल
तात्यांची पाळी, आमची बाग. तात्या खोरं मारतायत, राजेश्वरी बांधावर उभी राहून बघतेय. मीही खोरं घेऊन गेलो. ती म्हणाली, तुमी घरी खेळा जावा, हितं काय गरज न्हाय. रागानं नाही, साधंच म्हणाली.
खाटेवर पडलो, गेम उघडला. आज अडवणारं कुणी नाही, जेवणाचीही अट नाही. तरी हात चालेना. बाग माझ्या हाती येणार होती. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. बंद केला.
तेवढ्यात बांधावरून राजेश्वरीची हाक आली. माझ्यावाचून अडलं तर, असं म्हणून खोरं घेऊन पळत गेलो. म्हणाली, खोरं ठेवा, तात्यांना चा आणा.
नेला. तात्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, गोकुळराव, साखर कमी हाय.
साखर न्यायला घरी आलोय.