पंचनाम्यातली दवाई

तात्यापारा, रायपूर
ता. १० फेब्रुवारी २०२५

चि. पद्मिनी हिस दादाचे अनेक उ. आ.

फोनवर तू मध्येच ओरडतेस, म्हणून लिहितो. सिलतऱ्याच्या मागच्या माळावर मेलेली ढोरं टाकतात. तिथे दर रविवारी मी दुर्बीण घेऊन तीन गिधाडं पाहायला जातो, हे तुला ठाऊकच आहे. काल त्यातली दोन एका मेलेल्या गाईशेजारी मरून पडली होती. पाच कुत्रीही. इंद्रजीत गवळ्यानं सगळ्यांसमोर कबूल केलं, की कुत्री वासरं ओढतात म्हणून मेल्या गाईवर दवाई टाकली. वर म्हणतो, पुन्हा टाकीन! माझं डोकंच फिरलं. वनखात्याच्या माणसाला बोलावून पंचनामा करवला, सही केली.

आज कळलं, प्रकरण बंद. गाईवर इलाज चालू होता, तिच्या अंगातल्या दवाईनं गिधाडं अपघातानं मेली म्हणे. तिसरं अजून तिथेच घिरट्या घालून राहिलं आहे. तू जनावरांची डॉक्टर, तूच सांग आता काय करू.

रमा आठवण काढते. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा,
दिवाकर

नागपूर
ता. १७ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझ्या मुलानं, पियुषनं, पंचनाम्याचा फोटो पाठवला. वाचून संताप झाला, आणि त्यातला निम्मा तुझ्यावर आहे. पाचव्या ओळीत तुझ्याच नावानं लिहिलंय, ‘गाय को दवाई दी गई थी.’ न वाचता सही केलीस ना? रेल्वेत जन्मभर दुसऱ्यांच्या अर्जांतल्या चुका लाल शाईनं काढणारा माणूस तू!

तू ‘दवाई डाली’ म्हणाला असशील. आपल्या घरचंच बोलणं ते. बाबाही म्हणायचे, उंदरांना औषध घातलंय, हात लावू नका. लिहिणाऱ्यानं ‘डाली’चं ‘दी’ केलं, आणि विष घालणारा गाईची सेवा करणारा ठरला. दादा, मी तीस वर्षं गुरांना औषध दिलं. मारायला टाकतात त्याला औषध म्हटलेलं मला सहन होत नाही.

उद्याच जा. ‘जहर’ हा शब्द स्वतःच्या हातानं लिही. तिसरं मेलं, तर ते तुझ्या सहीनं मेलं असं मी म्हणेन.

वहिनींना नमस्कार. भांडले तरी धाकटीच आहे, लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
पद्मिनी

तात्यापारा, रायपूर
ता. २ मार्च

चि. पद्मिनी हिस अनेक उ. आ.

सही माझीच, चूकही माझीच. कचेरीत चार खेपा घातल्या. तिथला बाबू म्हणाला, भैया, दवाई म्हणा की जहर, बात एकच. मी म्हटलं, मग एक चमचा घेऊन पहा. शेवटी नवा जबाब झाला, माझ्या अक्षरात, ‘जहर’. प्रकरण उघडलं, इंद्रजीतला बोलावणं गेलं.

घरी येऊन उंदरांच्या डब्यावरची ‘औषध’ ही चिठ्ठी फाडली. डबा माझ्या बी.पी.च्या गोळ्यांशेजारीच होता! रमावर ओरडलो, तर तिनं विचारलं, की चिठ्ठी तुमच्याच अक्षरात आहे, मले काहून बोलता.

आज माळावर गेलो. ताजी म्हैस पडली होती. तिच्यावर काही टाकलंय की नाही, कोणाला ठाऊक. तिसरं गिधाड बराच वेळ वर फिरलं, उतरलं नाही, आणि तसंच निघून गेलं. ते उपाशी गेलं म्हणून मला आनंद झाला, पद्मे. असा आनंद व्हावा याची फार लाज वाटली.

माया असू दे. सध्या ती मला लागेल.

तुझा,
दादा